वडिलांचा गुरुवारचा भिडू

आज खिशातला मोबाईल ग्रँडमास्टरला हरवतो. ऐंशी सालानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मात्र सगळं उलटं होतं. माझा मोठा भाऊ कंपनीतर्फे जर्मनीला ट्रेनिंगला जाऊन आला आणि त्याने बॅगेतून बुद्धिबळ खेळणारं यंत्र काढलं. तेव्हा त्यानेच सांगितलं, "ग्रँडमास्टर लोक याला चहा पितापिता हरवतात. पण आपल्याला पुरून उरेल."

यंत्र वडिलांसाठी होतं. वडील मूळचे कुरुळीचे, चिंचवडला फाउंड्रीत कामाला. तिथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि दर गुरुवारी ते आणि शेजारचे काका सकाळपासून पट मांडून बसायचे. काका रिटायर होऊन कोकणात गेले आणि वडिलांचा भिडूच गेला. मग गुरुवार आला की नुसती चिडचिड. चहात साखर कमी, पंख्याचा आवाज फार, आमटी पांचट. मला खेळता येत होतं. त्या दोघांचे डाव बघतच मोठी झाले होते, आणि कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींशी खेळायचे. मला वडिलांशी खेळायचं होतं. पण ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. म्हटलं, त्यांना सुचू दे की!

त्यात हे यंत्र आलं. मी रेडिओच्या कंपनीत दिवसभर सोल्डरिंग करायचे, त्यामुळे त्या डब्याचं मला काडीचं कौतुक नव्हतं. मी घरात असताना भावाने परदेशातून भिडू आणावा, याचा राग मात्र होता.

आपला मोहरा पटावर दाबून ठेवायचा. मग यंत्र लाल दिवे लावून स्वतःची चाल दाखवायचं, आणि त्याचाही मोहरा आपणच हलवायचा.

"म्हंजे ह्याची हमालीबी आपणच करायची," वडील म्हणाले.

वडील देशी पद्धतीने खेळायचे. त्यात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. त्यांनी राजा उडवला, तर यंत्र पीं करून ओरडलं. पुन्हा दाबला, पुन्हा पीं.

"ह्याला खेळच येत न्हाई!"

"बाबा, बाहेरच्या नियमांत ती उडी नसते," दादा म्हणाला.

"मग ग्रँडमास्टर हरवतीलच की ह्याला!"

पण वडील चिवट. बाहेरचे नियम शिकले आणि बरेच गुरुवार निमूटपणे हरले. मग एकदा, सगळ्यात सोप्या पातळीवर का होईना, जिंकले. यंत्राचा दिवा जरा लुकलुकला, बस. वडिलांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान वर करून पाहिलं. समोर भिंत होती.

"तो शेजारचा असता तर चार शिव्या हासडल्या असत्या त्यानं," ते म्हणाले. "ह्याला वाईटबी वाटत न्हाई. मग जिंकून उपेग काय?"

"मला वाटेल," मी म्हणाले. "मी खेळते."

"तुला येतं?"

"तुमच्यासमोर बसूनच शिकले. तुम्ही कधी बघितलंत?"

त्यांनी यंत्राची वायर काढली, जुना पट अंथरला आणि पांढरे मोहरे माझ्याकडे सरकवले. मी बरी खेळत होते. मग घाईत वजीर नेमका त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला. लक्षात येताच मी हात पुढे केला.

"थांबा, चुकलं. परत घेते."

"हात काढ. चाल परत न्हाई."

लहानपणापासून मी त्यांची लाडकी. मी रडले की काय मागेन ते मिळायचं. त्या दिवशी त्यांनी माझा वजीर उचलला आणि माझ्या तोंडाकडे बघून, काकांना हसायचे तसे, खदाखदा हसले. मला भयंकर राग आला. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.