विटेच्या भुकटीने घासलेले रुपये

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आईने तिचे चांदीचे रुपये माझ्याकडे दिले. “फडक्याने पूस नुसते.” तिच्या वडलांनी गिरणीत राबून लग्नात तिच्या ओटीत घातलेले. घाटकोपरच्या आमच्या दीड खोलीतली सगळी श्रीमंती तीच.

पण मी पडलो उत्साही. लग्न झालेला, नोकरी असलेला माणूस नुसतं पुसतो का? शेजारच्या बांधकामावरून विटेचा तुकडा आणला, भुकटी केली आणि दातओठ खाऊन घासत सुटलो. थोड्या वेळात रुपयावरच्या राजाच्या गालाचा पांढरेपणा गेला आणि पितळेसारखी पिवळी झाक वर आली.

मागे आत्या उभी. बाबांची धाकटी बहीण, मुलुंडहून दिवाळीला आलेली.

“वहिनी, बघा तुमची चांदी! तुमच्या वडलांना कोणी फसवलं, की त्यांनी आम्हाला?”

आई करंजीची कड दाबत राहिली. इतकी दाबली, की सारण बाहेर आलं.

माझा पाय घरात ठरेना. रुपये खिशात कोंबून स्टेशनजवळच्या सोनाराकडे धावलो, तर दुकानात शिरायला जागा नाही. तसाच परत. मग गॅलरीत येरझाऱ्या.

“अहो, बसा ना कुठेतरी,” बायको म्हणाली. “अर्धी रांगोळी तुमच्या पायाला लागलीय.”

शेवटी बाबांनी पेपर खाली ठेवला.

“आमच्या लग्नाच्या वेळी दुसरी मोठी लढाई चालू होती रे. चांदी पुरेना, म्हणून सरकारनेच रुपयात अर्धीच चांदी ठेवली. बाकी तांबं, निकेल, काय काय. वरचा पांढरा थर घासला की आतलं पिवळं दिसणारच. सासऱ्यांना मिळाला तसा त्यांनी दिला. फसवणार कोण?”

“मग आधी बोलायचं ना!” मी म्हणालो.

“मला विचारतं कोण या घरात?”

“पण आमच्या बाबांनी मला दिलेले अजून पांढरेशुभ्र आहेत हो,” आत्या म्हणाली.

“तुझं लग्न त्याच वर्षीचं. घासलेस कधी?”

“घासायचे कशाला? मी पुसते.”

आईने पदराला हात पुसले. सकाळपासून पहिल्यांदा तिने मान वर केली.

“वन्सं, भाऊबीजेला हे येतीलच तुमच्याकडे. ह्यालाही पाठवते. वीट घेऊन.”

संध्याकाळी पाटावर ते पिवळे रुपये मधोमध मांडले होते. आत्याने पुढे होऊन हळदकुंकू वाहिलं. अंमळ जास्तच, राजाचा गाल पुरता झाकेपर्यंत.