गुहेतली ललकारी

उल्हास देवस्थळींचा आवाज मोठा. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचा तो असायचाच. पण सिंगापूरच्या मराठी मंडळींनी कौतुक करकरून त्याला पार डोक्यावर चढवला होता. गणपती असो की सहल, 'हर हर महादेव'ची ललकारी द्यायची ती उल्हासरावांनीच. निवृत्त होऊन यिशुनच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाला एरवी कोण विचारतंय? त्यांचा सगळा मान त्या आवाजावर होता.

आणि आता त्यांना त्याच आवाजाची किळस आली होती.

निमित्त झालं युगांडाच्या सहलीचं. सहल काढली गुरुप्रसादनं. हा रॅफल्स प्लेसच्या बँकेतला गडी, सहलीलाही मीटिंगसारखं हाकतो. सकाळी गोरिला उरकले, दुपारी गुहा. बाट्वा लोक पूर्वी त्या गुहेत राहायचे. जंगल राखीव झालं तेव्हा त्यांना तिथून हुसकावलं, आणि आता त्यांनाच पाहुण्यांपुढे गायला तिथे परत आणतात. वाटाड्या हे सांगत होता तेव्हा आमची मंडळी चिवड्याची पाकिटं फोडत होती. एका बाईंनी तर घरचे जुने टी-शर्ट वाटायला आणले होते. एक शर्ट दिला की एक फोटो. शी!

आत गेल्यावर विजेऱ्या बंद केल्या. काळोखात एक म्हातारी एकटीच गाऊ लागली. उल्हासरावांच्या अंगावर काटा आला, आणि नेमका तेव्हाच गुरुप्रसाद कानाशी कुजबुजला, "काका, आवाज काय घुमतोय बघा! होऊन जाऊ द्या!"

गड असो, लेणं असो, आवाज घुमणारी जागा सापडली की आपल्या लोकांना राहवत नाही. उल्हासरावांनी छाती भरून ललकारी दिली, पंचवीस घशांनी साथ दिली. टाळ्या, हशा. विजेऱ्या लागल्या तेव्हा म्हातारी तोंड मिटून बसली होती. ती पुन्हा गायलीच नाही. वाटाड्या खालच्या आवाजात म्हणाला, "ती तिच्या आईला हाक मारत होती. आई इथेच वारली."

परतताना विमानात त्यांची मुलगी आर्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू स्पॉइल हर साँग, लाह." पोरगी कानात इयरफोन घालून सिनेमा बघायला लागली. उल्हासरावांना मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, सेरंगूनच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये सहलीचे व्हिडिओ दाखवायचं ठरलं. उल्हासराव गेले ते मनाशी एकच ठरवून. म्हातारीचं गाणं सगळ्यांना ऐकवायचं आणि आपण काय करून बसलो ते चारचौघांत कबूल करायचं. त्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडणार नव्हती.

पडद्यावर काळोख आला आणि लगेच त्यांचीच ललकारी. हॉल दणाणला. बटाटेवडे चावता चावता लोक ओरडले, "वन्स मोर!"

"गुरुप्रसाद, आधीचं लाव. त्या बाईचं गाणं."

"ते रडगाणं? कापलं ना काका. नुसता अंधार होता, लोक कंटाळतात."

"कुणाच्या फोनमध्ये असेल?"

कुणाच्याच नव्हतं. सगळ्यांनी फोन काढले होते ते ललकारीसाठी. उल्हासरावांना शिसारी आली. त्या तेलकट बोटांची, त्या हसण्याची आणि सगळ्यात जास्त स्वतःची. गुरुप्रसादनं त्यांच्या हातात माइक कोंबला. ते उभे राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "ती बाई... ती अशी गात होती."

त्यांनी तोंड उघडलं. सूर आठवेना. त्यांनी तो ऐकलाच होता कितीसा! ते डोळे मिटून शोधत राहिले. काकांना सुरुवात सापडत नाहीये असं वाटून मागच्या रांगेतून कुणीतरी मदतीला धावलं, "हर हर..."

सगळ्या हॉलनं ते पुरं केलं. उल्हासराव तोंड मिटून खाली बसले.