सुमतीबाई, लंकाबाई आणि घार

नारायणगावच्या पेठेत सुवालालशेठांचं भांड्यांचं दुकान, आणि त्यात तीस वर्षं गिऱ्हाईक सांभाळलं ते त्यांच्या बायकोनं, सुमतीबाईंनी. शेठ वारले, मुलगा पारस दुकान बघू लागला आणि बाईंना दिवस खायला उठला. त्यातच डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं. पारस दर गुरुवारी घाटघरच्या बाजूला माल पोचवायला जायचा. वाटेत धरणाच्या पाण्याकडेला वनखात्याचं लहानसं उद्यान लागायचं. तिथं तो आईला सकाळी सोडायचा आणि दुपारी घ्यायला यायचा.

उद्यान कसलं, दोन बाक, एक लोखंडी मनोरा, करंजाची झाडं. पाखरं मात्र रग्गड. राखणदार जानकूनं बाईंना वंचक दाखवला, खंड्या दाखवला, थंडीत उतरणारे चक्रवाक दाखवले. नुसतं वाजवून पितळ ओळखणाऱ्या बाईंना आवाजावरून पाखरू ओळखायला फार दिवस लागले नाहीत. नात रिंकूनं दुर्बीण आणून दिली. बाईंनी एक वही केली.

पाण्याच्या एका अंगाला परवाना घेऊन गळ टाकायला मुभा होती. तिथं लंकाबाई बसायची. पन्नाशीची, जवळच्याच वाडीतली. पहिल्याच गुरुवारी बाईंच्या डोळ्यांदेखत तिनं एक चिलापी बाहेर काढली. मासा गवतावर तडफडला आणि जैन घरातल्या बाईंना ते बघवेना.

"सोड ना गं बाई त्याला," त्या बोलून गेल्या.

"सोडते की. मंग रातच्याला ताटात काय वाढू?" लंकाबाईनं शांतपणे विचारलं.

पुढं दोघींचं बोलणं सुरू झालं, सुखदुःखाच्या गोष्टी निघू लागल्या. पण गळ हलला की लंकाबाई आधीच हाक द्यायची, "शेठाणीबाई, तिकडं बघा." बाई पाठ फिरवून करंजाकडं बघत बसायच्या.

असं वर्ष गेलं. जानेवारीतल्या एका सकाळी पाण्यावर एक मोठी घार आली. पोट पांढरं, पंख लांबलचक. जानकू म्हणाला होता तीच ही, हिवाळ्यापुरती येणारी, मासे खाऊन जगणारी. बाईंनी दुर्बीण लावली. घार एका जागी पंख मारत थांबली, मग पाय पुढं काढून दगडासारखी खाली आली. पाणी उसळलं. वर उठली तेव्हा पायांत हातभर मासा वळवळत होता.

"धरला! अगं, धरला बघ!" बाई उभ्या राहून चक्क टाळ्या वाजवत होत्या.

लंकाबाई पोट धरून हसली. "वा वं शेठाणीबाई! तिला टाळ्या, आन आमाला पाठ?"

ती थट्टेनंच म्हणाली. पण बाईंनी दुर्बीण खाली ठेवली. परत जाताना गाडीत वही उघडलीच नाही. पारसनं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही रे. मी कुणाची बाजू घेते ते बघतेय."

पुढच्या गुरुवारी गळ हलला, लंकाबाईनं हाक दिली, आणि बाईंनी पाठ फिरवली नाही. मासा वर आला, त्याचं तोंड उघडमीट झालं, लंकाबाईनं गळ काढला. बाईंनी मनातल्या मनात नवकार मंत्र म्हटला आणि शेवटपर्यंत बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं. लंकाबाईनं मासा झटकन बादलीत टाकून वर झाकण ठेवलं.

"कशाला बघितलं वं?"

"माझ्यानं हे कधी व्हायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या हाताकडं बघायचंच नाही, हेही बरोबर नव्हतं."

त्या भाद्रपदात संवत्सरी झाली. घरी सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर बाई गुरुवारी उद्यानात आल्या आणि लंकाबाईपुढं हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं."

"म्हंजी?"

"माझ्याकडून तुझं मन दुखलं असेल तर माफ कर."

लंकाबाई गडबडली. पदराला हात पुसत म्हणाली, "आवं, असं हात नका जोडू. मोठ्या हायसा तुमी." मग जरा सरकून तिनं बाईंना सावलीत जागा करून दिली. सूनबाई नीलमला हे शेजारी बसणं अजून पटलेलं नाही. बाई तिच्याशी वाद घालत नाहीत.

यंदाच्या थंडीत वनखात्यानं पाणपक्षी मोजायला घेतले. जानकूनं कागद बाईंच्या हातात दिला. दुर्बीण बाईंकडं, पण लव्हाळ्यात कुठं काय दडलंय ते लंकाबाईला पाठ. ती बोट दाखवायची, बाई मोजायच्या. साठाच्या पुढं गेल्या आणि मागं बादलीत मासा फडफडला. बाईंचा हात थांबला. झाकण खडखडलं, मग गप्प झालं.

"किती झालं व्हतं?" लंकाबाईनं हळूच विचारलं.

"विसरले गं."

"मंग चला, त्या कडंपासनं पुन्यांदा."