परवान्याशिवाय मालेगाव

माझे वडील नाशकात दातांच्या कवळ्या बनवत. दुकानावर उघड्या तोंडाची, दोन्ही ओळी दात दाखवणारी पाटी होती. तिच्यावर नाव नव्हतं, कारण त्याची गरज नव्हती. गावात चिनी दातवाला एकच होता.

मी तीन वर्षांची असताना आम्ही बोटीने कलकत्त्याला उतरलो आणि ओळखीपाळखी धरत धरत इथवर आलो. चीनमधलं मला एवढंच आठवतं की कुणीतरी मला पाठीवर बांधलं होतं आणि त्या पाठीला तंबाखूचा वास होता. पुढे मी मराठी शाळेत शिकले, एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले आणि तिथेच कधीतरी लिहायलाही लागले. मराठीत लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. दुसरी कुठली लिपी मला धड येत नव्हती. वडलांचं उलट होतं. ते मराठी फर्डं बोलत, पण त्यांना एक अक्षर वाचता येत नसे. ते मराठी निफाडच्या शेतकऱ्यांकडून आलेलं, तेही त्यांची तोंडं उघडी असताना. त्यामुळे त्यात 'लय' आणि 'नाय' भरपूर, आणि ओठ मिटून म्हणायची अक्षरं जरा ढिली.

मी सांगते आहे ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी घडलं. तोवर आमचं सगळं आयुष्य इथे गेलं असलं तरी कागदोपत्री आम्ही परदेशीच होतो. बासष्टच्या लढाईनंतर आमच्यासारख्यांना गावाची हद्द ओलांडायची तर पोलिसांचा परवाना लागे. अर्ज, दोन फोटो, जाण्याचं कारण, मग आठ-दहा दिवसांची वाट. गेल्या गावी ठाण्यात हजेरी लावायची, परत आल्यावर इथे लावायची. सहल म्हणजे काय ते मला शाळेतल्या निबंधामुळे माहीत होतं. आमच्या घरी त्याला अर्ज म्हणत.

वडलांना महिन्यातून एकदा मालेगावला जायचं असे. तिथे त्यांचा एक गाववाला होता. एकाच खेड्यातले, एकाच बोटीतून आलेले, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. मी त्यांना काका म्हणे. काका मागांच्या खडखडाटात एका खोलीत एकटे राहत आणि मागावर काम करणाऱ्यांचे दात बनवत. आमच्या खेड्याची बोली बोलणारं दुसरं माणूस वडलांना आसपास कुठेच नव्हतं.

"आई आहे की," मी एकदा म्हटलं.

"तिच्याशी संसाराचं बोलतो," वडील म्हणाले. "त्याला बोली कशाला लागते?"

"मी ऐकते आहे," आई आतून म्हणाली.

आमच्यासारख्यांच्या नोंदी ठेवणारे एक जमादार होते. ते वडलांनीच केलेल्या कवळीने जेवत. चार-पाच वेळा तोच अर्ज बघून ते कंटाळले. "डॉक्टर, सकाळच्या गाडीनं जा, संध्याकाळी दुकानात दिसा. मला कोण विचारतंय?" तेव्हापासून आम्ही तसंच जायला लागलो. महिन्याचा पहिला रविवार, आईने दिलेली मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी, एस.टी.तली मागची जागा. वडील चांदवड येईपर्यंत टोपी तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेत. झोपलेला चिनी आणि झोपलेला नेपाळी यांत फरक करता येत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. कंडक्टर विचारायचा, "नेपाळ का, बाबा?"

"निफाड," वडील टोपीखालून म्हणायचे.

काकांकडे पोचलं की आधी भांडण. दोघांनी एकमेकांच्या कवळ्या केल्या होत्या, आणि दुसऱ्याने केलेली आपल्याला नीट बसत नाही अशी दोघांचीही दर महिन्याची तक्रार होती. "तुझ्या हातात गवंड्याचा गुण आहे," काका म्हणत. "तुझं तोंडच वाकडं, त्याला मी काय करू?" वडील म्हणत. मग काका कणीक मळून पोळपाटावर शेवया कापत. मध्येच कुणी गाल धरून आला तर आमच्या बोलीतलं वाक्य अर्धं सोडून त्याला अहिराणीत विचारत, "कोठे दुखस?" आणि त्याला बाकावर बसवून उरलेलं अर्धं पूर्ण करत. जेवण, बुद्धिबळ, पुन्हा भांडण. तिसऱ्या प्रहरी काका आम्हाला गाडीवर बसवायला येत. निरोप असा कधी घेतला नाही. "पुढच्या वेळी कानस घेऊन ये," एवढंच म्हणत.

नाशकात दिवसभर नम्रपणे मान डोलावणारे माझे वडील त्या खोलीत मोठ्या आवाजात हसत. मी ते बघत असे आणि, कबूल करायला हवं, मनातल्या मनात मुद्रितं तपासत असे.

आमच्या छापखान्याचे मालक दिवाळी अंकही काढत. त्या वर्षी ते म्हणाले, "ताई, काहीतरी विनोदी द्या. गंभीर मजकूर इतका झालाय की अंक जड लागतोय." मी मालेगाव दिलं. टोपी, निफाड, कवळ्यांचं भांडण, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच दातांनी जेवणारा पोलीस. नावं बदलली. बापाचा धंदा, गाव, महिन्याचा पहिला रविवार, सगळं तसंच ठेवलं, कारण तपशिलाने लेखाला वजन येतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. नावं बदलली की झालं, अशी माझी समजूत होती. दुसऱ्यांच्या मजकुरातली एक वेलांटी माझ्या नजरेतून सुटत नसे.

लेख गाजला. गाजला म्हणजे वाचनालयाच्या सभागृहात आमचा सत्कार ठरला. आपल्याकडे साहित्यिक कार्यक्रमाला पाहुणा असा बोलावतात, ज्याची सही पुढे कधीतरी लागणार असते. त्या वर्षी पाहुणे होते पोलिसांतले एक वरिष्ठ अधिकारी. ते वाचत होते, खरोखर वाचत होते, हे नंतर कळलं आणि तिथेच घोटाळा झाला. न वाचणारा पाहुणा आम्हाला परवडला असता.

मालकांनी माझी ओळख करून दिली. चीनच्या भिंतीवरून झेप घेऊन मराठीच्या अंगणात उतरलेली चिमणी, असं काहीसं. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, अंगाने चिमणीच्या तिप्पट. शाल झाली, श्रीफळ झालं. मग वाचनालयाच्या अध्यक्षांना वाटलं, लेखातली दोन पानं वाचून दाखवावीत.

वडील पहिल्या रांगेत होते. अंगात त्यांचा एकुलता एक सूट, मांडीवर टोपी. आपल्या मुलीने काहीतरी चांगलं लिहिलं आहे एवढंच त्यांना माहीत होतं. मी त्यांना ते वाचून दाखवलं नव्हतं. वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे काही भागांना त्यांनी 'हे नको' म्हटलं असतं, आणि तेवढेच नेमके चांगले भाग होते.

अध्यक्ष वाचत होते तसे लोक हसत होते. लोक हसतात म्हणून आधी वडीलही हसले. मग टोपीचा मजकूर आला. त्यांनी मांडीवरची टोपी हळूच उचलली आणि खुर्चीखाली ठेवली. त्यानंतर ते हसले नाहीत. अधिकारी मात्र रुमालाने डोळे पुसत होते. भाषणात ते म्हणाले, "यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे वाचताना जाणवतं." टाळ्या झाल्या. मीही खाली बघून हसले.

घरी येताना वडील आमच्या बोलीत म्हणाले, "जमादार आले होते का?"

"नाही."

"त्यांचे साहेब आले होते."

घरी आईने शाल माझ्या हातातून घेऊन तिची घडी घातली आणि वडलांना म्हणाली, "हिच्यासमोर जपून शिंका. दिवाळी दर वर्षी येते."

सोमवारी निरोप आला, सभ्य भाषेत. अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना चहा दिला. "ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी वाचक म्हणून हसलो. पण आता मला माहीत झालंय, आणि सभागृहभर लोकांना माहीत आहे की मला माहीत आहे. तेव्हा विचारावं लागतं. लेख खरा आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "नाय साहेब. पोरगी गोष्टी लिहिती. समदं खोटं. मी दुकान सोडून कुठं जात नाय."

अधिकाऱ्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. "मग ताईंनी तसं लिहून द्यावं. लेख काल्पनिक आहे, वडील परवान्याशिवाय कुठेही गेलेले नाहीत. कागद फाइलला लावतो. विषय संपला."

त्यांनी कागद पुढे सरकवला. आणि मी थांबले.

किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. चहावर साय धरायला लागते तेवढा असेल. समोर बाप बसला होता, त्याच्या डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार होती, जमादारांची नोकरी पणाला लागली होती, आणि मला आठवत होतं ते 'शब्द न् शब्द खरा' हे वाक्य. ते ज्याने म्हटलं तोच माणूस माझ्याकडून आता उलटं लिहून मागत होता, आणि मला ते वाक्य सोडवत नव्हतं. वडील माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. शेवटी हळू आवाजात, आमच्या बोलीत, ते म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. वाक्यरचनेत एक चूक होती तीही दुरुस्त केली.

त्यानंतर पहिले रविवार आले आणि गेले. वडील दुकानात बसून राहत. एकदा परवान्याचा अर्ज करायला गेले आणि न देताच परत आले. इतक्यात नको, म्हणाले, लेख लोकांच्या डोक्यात ताजा आहे. थंडी सरत आली तेव्हा मालेगावहून पत्र आलं. काकांच्या शेजारच्या मागवाल्याने दुसऱ्या कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलं होतं. चाचांचा ताप उतरत नाही, तुम्हाला बोलावतात.

त्याच दिवशी आम्ही अर्ज दिला. मी लिहिला. दोघांसाठी. कारण: आजारी मित्राची भेट.

जमादारांनी अर्ज वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, याला दिवस लागतील. आजच जा. मी बघून घेतो."

"नको," वडील म्हणाले.

"अहो, माणूस आजारी हाय ना?"

"हाय. पण परवान्याबिगर मी जात नाय असं माझ्या पोरीनं लिहून दिलंय. मला तिकडं कोणी बघितलं तर तिचा कागद खोटा."

जमादार माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"मी एकटी जाते, बाबा," बाहेर आल्यावर मी म्हटलं. "बाईमाणसाला कोण अडवतंय?"

"तुझं तोंड काय वेगळं आहे?" ते म्हणाले. रागाने नाही. दुकान उघडायची वेळ झाली होती.

मी रोज जमादारांच्या कचेरीत जाऊन विचारत असे. छापखान्यात त्या आठवड्यात एका पुढाऱ्याच्या गौरवग्रंथाची मुद्रितं आली होती. पानोपानी 'जनतेचा सच्चा सेवक'. मी ती सगळी तपासली, आणि सगळ्या चुका तशाच पुढे गेल्या. मालकांनी पहिल्यांदाच मला सुनावलं.

परवाना नवव्या दिवशी मिळाला. दहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. काकांच्या दाराला कुलूप होतं. माग थांबवून शेजारी बाहेर आला. वडलांचा हात धरून म्हणाला, "चाचा तीन दिन पहले गये. रोज पूछते थे, नाशिक की गाडी आई क्या."

त्याने आणि आणखी दोघा-तिघांनी मिळून ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीच्या कडेला जागा मिळवली होती. माती अजून ओली होती. वडील उकिडवे बसले आणि आमच्या बोलीत बोलायला लागले. मला वाटलं प्रार्थना असेल. तसं नव्हतं. कवळीची तक्रार चालली होती. खालची टोचते, वरची सैल आहे, तुला किती वेळा सांगितलं. मी पाच पावलं मागे उभी होते. पुढे जायला मला जमलं नाही.

परवान्याच्या नियमाप्रमाणे ठाण्यात हजेरी लावायची होती. तिथल्या हवालदाराने कागद वाचला. "आजारी मित्राची भेट," तो म्हणाला. "झाली का भेट?"

"झाली," वडील म्हणाले.

त्याने शिक्का मारला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. पिंपळगाव येईपर्यंत वडील खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव बघत होते. मग म्हणाले, "आता लिही. आता कुणाला पकडणार?"

टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. ते परवानगी देत होते.

मी लिहिलं नाही. पुढच्या दिवाळीला मालकांनी पुन्हा मजकूर मागितला तेव्हा मी निफाडच्या द्राक्षांवर दिला. द्राक्षं, हवा, सकाळचं ऊन. छापायला देण्याआधी या वेळी मी तो वडलांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून नीट ऐकला. संपल्यावर म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला.

"एवढंच?" ते म्हणाले.