फुगेनासे झालेले पाव

कॅन्टीनमध्ये पाव भाजणाऱ्या मावशींना रहस्यकथांचं वेड होतं. त्यातही एखादी आचारीण खुनी शोधून काढते, त्या कथा त्या मिटक्या मारत वाचायच्या.

"आई, खून वाचून तुम्हाला जेवण कसं जातं?" सून विचारायची.

"अगं, यात रक्त कमी आणि रस्सा जास्त. शिवाय पोलिसांना दिसत नाही, ते स्वयंपाकघरातल्या बाईला बरोबर कळतं."

एकदा सलग तीन दिवस पाव फुगेनात. व्यवस्थापकांनी सगळं खापर पीठ मळणाऱ्या नव्या मुलीवर फोडलं. ती रडकुंडीला आली.

"साहेब, आधी तपास, मग शिक्षा," मावशी म्हणाल्या. इथे अलीकडे काय बदललं, हे त्यांनी एकेकाला विचारलं. रंगकामात कपाट हललं होतं आणि यीस्टचा डबा भट्टीवरच्या फळीवर गेला होता. त्यांनी कोमट साखरपाण्यात चमचाभर यीस्ट टाकलं. दहा मिनिटं सगळे वाटीकडे बघत राहिले, पण एक बुडबुडा येईना.

"उष्णतेनं मेलंय हे. पोरीचा हात चांगला आहे."

व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत मुलीची माफी मागितली. डबा तिथे कुणी ठेवला, हे मावशींनी मुद्दामच विचारलं नाही. त्या नवं पाकीट फोडून कामाला लागल्या, आणि दुपारी पाव टम्म फुगले.