नसलेल्या ओंडक्यावरची उडी

वर्ना हॉगनच्या कोटाच्या खिशात कुत्र्याची दोरी कायम असायची, आणि ती तिनं कुत्रा सोडून बाकी सगळ्याला बांधली. ट्रकचं मागचं झाकण, अंगणातलं फाटक, एकदा वाऱ्यात उलटी झालेली माझी छत्री. कुत्र्याला बांधायचा विषय निघाला की मात्र ती भडकायची. "दोरी लावून फिरवायचं तर रानात कशाला न्यायचं? बँकेत न्या."

बेटाच्या या टोकाला आल्यापासून मी तिची शेजारीण आहे. रोज सकाळी आम्ही पिवळ्या फाटकापाशी भेटतो: ती, तिचा कुत्रा डिझेल, मी आणि माझी कुत्री टॅफी. भेटतो म्हणजे ती आधीच येऊन उभी असते आणि मला उशीर झाला म्हणून कुरकुरत असते. शाळेची बस चालवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. गावातली अर्धी माणसं आजही तिच्यासमोर पाठ ताठ करून बसतात. डिझेलचं नाव ठेवलं तिच्या नवऱ्यानं, आयनारनं. तो झाडं पाडायचा. पिल्लू घरात आलं त्याच वर्षी तो वारला, आणि मग त्या कुत्र्याचे जे लाड झाले ते डार्सीचे, म्हणजे तिच्या मुलाचे, कधी झाले नव्हते.

फाटकापलीकडचं रान लाकूड कंपनीचं. ते कधीतरी कापणार हे आम्हाला माहीत होतं, कारण आधीही एकदा कापलं होतं, वर्नाच्या सासऱ्यानंच. मधल्या काळात झाडं पुन्हा वाढली, आमच्या पायांनी वाट पडली, आणि रान आपलंच आहे असं आम्हाला वाटायला लागलं.

वसंतात फाटकावर झाडतोडीची पाटी लागली. गावात नव्यानं राहायला आलेल्यांनी बैठका घेतल्या, फलक रंगवले, वर्नाला बोलावलं. ती म्हणाली, "माझं घर याच झाडांच्या पगारावर उभं आहे. मी कुठल्या तोंडानं येऊ?" आणि घरी जाऊन तिनं भांडी अशी आपटली की मला माझ्या ओट्यापाशी ऐकू आली. त्यात डार्सी कंपनीत लोडर चालवतो, म्हणजे पाडलेले ओंडके उचलून ट्रकवर ठेवणारं यंत्र. आमच्या रानाचं काम निघालं तेव्हा त्या यंत्रावर तोच होता. कंपनीनं काही चोरून केलं नाही, एकही नियम मोडला नाही. रागवायला निदान एक दोषी माणूस लागतो, तोही आम्हाला मिळेना. माझं डोकं त्यानंच जास्त फिरलं.

उन्हाळाभर फाटक बंद होतं. डिझेल घर, अंगण आणि माझ्या दारापर्यंतचा रस्ता एवढंच फिरला. पावसाळी दिवस सुरू झाले तेव्हा फाटक उघडलं.

रस्त्यालगत झाडांची एक पट्टी ठेवतात, गाडीतून जाणाऱ्यांना मागचं दिसू नये म्हणून. तेवढ्या भागात सगळं पूर्वीसारखंच होतं. डिझेल शेपटी वर करून पुढे, टॅफी त्याच्या मागे. पट्टी संपली आणि एकदम उघडं आभाळच समोर आलं. डोंगराच्या पोटापर्यंत नुसती कापून उरलेली खोडं, चिखल आणि फांद्यांचे ढीग.  माझ्या तोंडून निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

त्या उघड्यावर थोडं पुढे पूर्वी सीडरच्या झाडाचा एक जुना ओंडका आडवा पडलेला असायचा. आयनारनं करवतीनं त्याला खाच पाडून बसायला जागा केली होती. आम्ही तिथं थर्मासमधली कॉफी प्यायचो आणि डिझेल रोज त्या खाचेवरून पलीकडे उडी मारायचा. आता तिथं ओंडका नव्हताच. डिझेल धावत गेला, आणि सपाट चिखलावर त्यानं पाय गोळा करून छान उंच उडी मारली.

आम्ही पोट धरून हसलो. वर्ना म्हणाली, "बघ, म्हातारा सवयीचा गुलाम झालाय." तेवढ्यात तो समोरच्या खोडावर तोंडानं आपटला. उठला, वळला, दुसऱ्या खोडावर आपटला, आणि मग उभाच राहिला. वर्नानं हाक मारली, दटावलं. तो हलेना.

"नाटकं करतोय," ती म्हणाली. मग त्याच्यापाशी जाऊन वाकली आणि त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पुन्हा फिरवला. पापणी लवली नाही.

जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, आंधळा होऊन बरेच दिवस झालेत. कमीत कमी मागच्या हिवाळ्यापासून. म्हणजे सबंध वसंत तो आमच्यापुढे धावत होता तो डोळ्यांनी नव्हेच, आणि आम्हा दोघींना पत्ता नव्हता. "आता दोरी लावा," डॉक्टरीण म्हणाली. वर्नाचा चेहरा असा झाला की तिथून निघताना मीच सगळ्यांचे आभार मानले.

दोरी तिनं लावली नाही, डार्सीनं लावली. दोरी लागली की डिझेल खाली बसायचा, ओढलं तरी बसूनच राहायचा. फाटकापर्यंतसुद्धा जाईना. तो दिवसभर चुलीपाशी पडून राहायला लागला, आणि वर्नाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. एका संध्याकाळी मी तिच्याकडे होते, डार्सी सूप पीत होता.

"तो ओंडका तूच उचललास ना?" तिनं विचारलं.

"आई, मला ओंडके उचलायचाच पगार मिळतो."

"तो पडलेला होता. तुझ्या जन्माआधीपासून पडलेला होता. त्याची काय फळी निघणार होती?"

"सीडर कुजत नाही. बाबांची बायको तू, तुला मी सांगायचं?"

"खाच दिसली नाही तुला त्याच्यावरची?"

डार्सीनं चमचा खाली ठेवला. "दिसली. पोलिसासारखी उलटतपासणी घेऊ नकोस, आई. दिसली. मागे ट्रक उभा होता, पुढे फोरमन. काय करायला हवं होतं मी? खाली उतरून रडायला?"

"उतरायचं तरी," वर्ना म्हणाली.

तो सूप अर्धं टाकून गेला.

नंतरच्या रविवारी फांद्यांचे ढीग रचायला त्याचा लोडर अजून तिथंच होता. डार्सीनं आम्हाला बोलावलं. कुठूनतरी त्यानं सीडरचा दुसरा एक ओंडका मिळवून ठेवला होता, त्याला बापाच्याच करवतीनं खाच पाडली होती, आणि तो नेऊन चिखलात आडवा ठेवला होता.

वर्नानं पाहिलं. "इथं नव्हता."

"इथंच होता, आई."

"ओढ्याच्या बाजूला होता. मॅव्हिस, तूच सांग याला."

मी म्हणाले, "जुळ्या मेपलच्या झाडाच्या अलीकडे होता."

"मेपल कुठं होता?" डार्सीनं विचारलं.

मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. मेपल कुठं होता हे मला सांगता येईना. जिथं मी रोज सकाळी बसत होते ती जागा, आणि चिखलात उभं राहून मला ती सापडेना. आम्ही तिघं तीन दिशांना हात करून भांडलो. शेवटी वर्ना म्हणाली, "गप्प बसा दोघंही," आणि चालू लागली.

ती डिझेलला घेऊन आली. ट्रकमधून फाटकापाशी उतरवलं, आणि गळ्यातली दोरी सोडून खिशात घातली. तो बराच वेळ हवा हुंगत राहिला. मग निघाला, आधी दबकत, मग पट्टीतल्या झाडांत शिरल्यावर दुडक्या चालीनं. आम्ही मागून. उघड्यावर आला तशी वर्नानं मुठी आवळल्या. तो थांबला नाही. डार्सीच्या ओंडक्याच्या बराच अलीकडे, तिघांपैकी कुणीही दाखवलं नव्हतं अशा जागी, त्यानं पाय गोळा केले आणि उडी मारली.

वर्नानं त्या जागी बुटाच्या टाचेनं रेघ ओढली. "इथं."

डार्सी यंत्रावर चढला आणि ओंडका उचलून रेघेवर ठेवला. वर्नानं डिझेलला पुन्हा फाटकापाशी नेलं, पुन्हा सोडलं. या खेपेला उडीखाली ओंडका होता. त्याचे मागचे पाय खाचेला घासले, तो पलीकडे उतरला, शेपटी हलली.

आणि तिथंच उभा राहिला. एक पंजा पुढे टाकला, मागे घेतला.

"जा की," डार्सी म्हणाला. "पुढे काय होतं, आई? सांग, तेही आणतो."

"पुढे सगळंच होतं," वर्ना म्हणाली.

तिनं खिशातून दोरी काढली, पट्ट्यात अडकवली आणि दुसरं टोक मुलाच्या हातात दिलं. "इथवर तो मोकळा येईल. इथून पुढे रोज तू न्यायचंस."

"रोज? मला काम असतं."

"कामावर जायच्या आधी ने."

डिझेल खाली बसला.  डार्सीनं गुडघ्यावर बसून कुत्र्याच्या छातीखाली हात घातला, त्याला उठवलं, आणि दोघं खोडांमधून अडखळत निघाले. वर्ना खाचेत बसली आणि त्यांच्याकडे पाठ करून कॉफी ओतायला लागली.