उत्तरपक्ष राहिला

“बाय, आधी पूर्वपक्ष,” असे म्हणून ते उजव्या हाताचा पंजा समोर धरीत. भरतीचे पाणी थोपवायला उघाडीची फळी खाली सोडावी, तसा तो पंजा माझ्या वाक्यासमोर उतरे.

बोलण्याआधी थांबायला लावणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे हे काका उरणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात बांधावरची उघाडी सांभाळत. भरतीला तिचे दार लावायचे आणि मिठागरांना हवे तेवढेच खारे पाणी आत घ्यायचे, हे त्यांचे काम. शिक्षण चौथीपर्यंत. मात्र गावच्या वाचनालयातले, दर्शनशास्त्रावरचे, पुठ्ठा गळालेले एक पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होते. त्यातून त्यांनी एकच नियम उचलला होता. आपले मत मांडण्यापूर्वी विरोधकाची बाजू मांडायची, आणि ती अशी की ऐकून त्याने मान हलवावी. हा पूर्वपक्ष. मान हलली की मगच आपला उत्तरपक्ष.

दर रविवारी सकाळी वाचनालयात आम्ही सात-आठ जण जमत असू. इतिहास राजे घडवतात की धान्य? दया मोठी की न्याय? मी तेव्हा रसायनशास्त्र शिकत होते. विज्ञानाने देवाची गरज संपवली आहे, हे दहा मिनिटांत सिद्ध करून घरी परतण्याच्या तयारीने मी पहिल्यांदा तिथे गेले. पंजा उतरला. समोर मासे विकणारी, सोमवार धरणारी एक आजी बसली होती. तिची बाजू मला मांडायची होती. दोन रविवार ती म्हणाली, “नाय गो, यात मी कुठं हाय?” तिसऱ्या रविवारी तिने मान हलवली. तोवर माझी सिद्धता मलाच अपुरी वाटू लागली होती.

आमच्यातला एक एस.टी. कंडक्टर कट्टर साम्यवादी होता. काकांनी त्याला सावकाराचा पूर्वपक्ष दिला. तो त्यात इतका रंगला की पुढच्या रविवारी त्याची बायको दारात येऊन म्हणाली, “काका, यांना घरी पाठवताना जुनंच डोकं लावून पाठवा.”

पदवीनंतर मला एका प्रकल्पाच्या कार्यालयात माती-पाण्याच्या चाचण्यांची नोकरी लागली, तात्पुरती. याच गावाच्या मिठागरांवर गोदामे उभी राहायची होती. मिठागरे जाणार, हे गावाने मनोमन सोसले होते. मागणी एकच उरली होती: खाडीवर होड्या न्यायची वाट कुंपणाबाहेर ठेवा. ती मांडायला गावाने एकमताने काकांना निवडले. शाळेच्या व्हरांड्यात प्रकल्पाच्या साहेबांपुढे सभा भरली. माझे अक्षर चांगले म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आले.

काका उभे राहिले. “साहेब, आधी तुमची बाजू सांगतो.”

आणि त्यांनी ती सांगितली. शहराला श्वास घ्यायला जागा नाही, मिठावर पुढची पिढी जगणार नाही, माल उतरायला किनारा हवा, तो कोणाच्या तरी दारातला असणारच. साहेबांनी एकदा नव्हे, तीनदा मान हलवली. मग घड्याळ पाहिले.

“वा! इतकं नीट मलाही सांगता आलं नसतं. आभारी आहे.”

“साहेब, माझा उत्तरपक्ष...”

“लाँच चुकेल हो. लेखी द्या.”

मी लिहिले: ‘ग्रामस्थांच्या प्रतिनिधींनी प्रकल्पाची आवश्यकता विशद केली.’ वाक्यात एकही चूक नव्हती. जे उच्चारले गेले नाही ते नोंदवायचे नाही, अशी माझी शिस्त. वाटेचा लेखी अर्ज गावाने दिला. तो ‘सभेत अशी मागणी झाल्याची नोंद नाही’ या शेऱ्यासह परत आला.

“वकील घरचा, पन साहेबाचा निघाला,” लोक म्हणू लागले. मासे विकणाऱ्या आजीने त्यांना भर रस्त्यात अडवले. “काका, व्होड्या काय आता डोक्यावरनं न्यायच्या?” ते तिच्या टोपलीकडे पाहत राहिले. बहुधा तिचा पूर्वपक्ष मनात जुळवत असावेत.

पुढच्या रविवारी वाचनालयात ते एकटेच होते. मी दारातूनच सुरुवात केली, “काका, ते वाक्य मी...”

पंजा उतरला. “थांब. आधी तुझी बाजू.”

ते शांतपणे बोलत राहिले. पोरीची नोकरी कच्ची आहे. घरात मिळवते दुसरे कोणी नाही. दिसेल तेवढेच लिहावे, हे तिला शास्त्राने शिकवले. आणि न दिसलेले लिहिणारा उद्या काहीही लिहील. माझा बचाव मलाही इतका स्वच्छ मांडता आला नसता. मी मान हलवली.

आता ते बोलणार म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पुस्तक कपाटात ठेवले, खिडकी लावून घेतली. “भरतीची येळ झाली,” म्हणाले आणि बांधाकडे निघाले.

पावसाळ्याआधी भराव आला आणि उघाडी त्याखाली गेली. नंतरही ते भरतीच्या वेळी कुंपणापाशी जाऊन उभे राहत, असे ऐकले. मी गेले नाही. मी तोवर नोकरीत कायम झाले होते. पुढे ते पेणला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले, हे मला कंडक्टरकडून, तिकीट फाडता फाडता कळले.

त्या रविवारी मान मी हलवली होती. नियमाप्रमाणे पाळी त्यांची होती.